तात्यांनी केलेलं माझं बाळंतपण

माझी लेक राजलक्ष्मी आता बालवाडीत जाते. तरी थंडीच्या दिवसांत सकाळी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्यांची घरघर आली की मला लासुर्ण्यातले ते महिने आठवतात. लग्नानंतर माहेरी इतकी सलग मी कधी राहिलेच नाही, आणि पुढंही राहीन असं वाटत नाही.

माझं सासर माळेगाव बुद्रुकचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण माझ्या माहेरी करायला कुणी नव्हतं. मी बारावीला असताना आई काविळीनं गेली. माझ्या पाठीवर दुसरं मूल नाही. घरात एकटे माझे वडील, तात्या. दोन गाई आणि ऊस. त्यामुळं सासूबाईंनी, त्यांना मी मामी म्हणते, आधीच ठरवून टाकलं होतं की सगळं इथंच करायचं. मलाही ते पटलं होतं.

सातवा सरत आला तसे तात्या आपली जुनी ओम्नी घेऊन दारात उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि हातात पेरूंची पिशवी.

"सोनलला न्यायला आलोय," ते म्हणाले.

मामी चहा ठेवता ठेवता थांबल्या. "मोहनराव, राग मानू नका. पण तितं बाईमाणूस कोण हाय? तेल लावायचं, शेक द्यायचा, रातीबेराती उठायचं. कोण करणार?"

"बाईमाणूस न्हाय," तात्या म्हणाले, "पण मी हाय की."

मामींना हसावं की काय करावं कळेना. अविराजनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्याकडं बघितलं. मी काहीच ठरवलं नव्हतं, पण तात्यांच्या हातातली ती पिशवी बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जाते मी." मामींना ते लागलं. त्यांनी माझी बॅग भरून दिली, सगळं आठवणीनं घातलं, पण गाडीपर्यंत आल्या नाहीत.

लासुर्ण्याला गेल्यावर कळलं की तात्यांनी गल्लीतल्या साखरबाईंना आधीच गाठलं होतं. साखरबाई आईच्या मैत्रीण. एकमेकींच्या रानात खुरपायला जायच्या दोघी. बाळासाठी जुनी मऊ लुगडी लागतात असं त्यांनी सांगितलं, तशी तात्यांनी आईची ट्रंक उघडून सगळ्या साड्या त्यांच्यापुढं ठेवल्या. साखरबाईंनी एकेक हातात घेऊन चोळून बघितली.

"मोहनदाजी, ह्यातली एक कामाची न्हाय. सगळी नायलॉनची. चंद्राला चकचकीत आवडायचं. ह्यात पोरानं मुतलं तर सगळं खाली यील."

तात्या इतके ओशाळले, जणू त्या साड्या त्यांनीच नेसल्या होत्या. शेवटी साखरबाईंनी स्वतःची दोन जुनी सुती लुगडी आणली आणि ओसरीवर बसून आम्ही त्यांची दुपटी शिवली. आईच्या साड्या तात्यांनी परत घडी घालून ट्रंकेत ठेवल्या. घडी त्यांना नीट जमली नाही. मी उठायला लागले तर म्हणाले, "तू बस."

बाळंतपणासाठी मी बारामतीत डॉक्टर सुप्रिया यांच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. छोटा दवाखाना, वरच्या मजल्यावर एक हॉल. तिथं शनिवारी पोटुशा बायकांचा वर्ग असायचा. कळा आल्या की श्वास कसा घ्यायचा, कसं उकिडवं बसायचं, मोठ्या चेंडूवर बसून कंबर कशी फिरवायची, असं सगळं त्या शिकवायच्या. बाळंतपणात जो सोबत राहणार असेल त्या माणसाला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. अविराज एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत शिफ्टला. त्यांची सुट्टी गुरुवारी. मग पहिल्या शनिवारी माझ्याबरोबर तात्याच आले.

हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसलेल्या. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर नवरा. तात्यांनी दारात चपला काढल्या, टोपी काढावी की नाही याचा विचार केला आणि माझ्यामागं येऊन मांडी घालून बसले. दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. मलाही लाज वाटली, खरं सांगते. मी हळूच म्हणाले, "तात्या, तुम्ही खाली चहा प्या. मी येते तासाभरानं."

"आन् शिकायचं कुणी?" तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी कंबर दाबायची दाखवली. कळ आली की पाठीच्या अगदी खालच्या हाडावर तळहातानं दाब द्यायचा, घासायचं नाही. तात्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"डॉक्टर, कळ येताना दाबायचं का येऊन गेल्यावर?"

"येताना. संपली की सोडायचं, तिला विश्रांती घेऊ द्यायची."

"आन् जोर किती?"

"ते ती सांगेल. ती म्हणेल तेवढा."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

आता डॉक्टरच हसल्या. "आजोबा, त्या वेळी ती गप्प बसणार नाही. काळजी करू नका."

त्याच वर्गात त्या म्हणाल्या होत्या, "आपण सगळी तयारी आपोआप होणाऱ्या बाळंतपणाची करतोय. पण बाळाला त्रास होतोय असं दिसलं तर मी सिझर करणार, आणि त्यात कुणाची हार नाही." तात्यांनी हे वाक्य लासुर्ण्याला जाईपर्यंत गाडीत दोनदा म्हणून दाखवलं.

घरी त्यांचा सराव सुरू झाला. एकदा दुपारी मी झोपून उठले तर गोठ्यातून फूऽऽ फूऽऽ असा आवाज येत होता. जाऊन बघते तर तात्या गाईपुढं पेंड टाकता टाकता ओठांचा चंबू करून श्वास सोडत होते. मला बघून म्हणाले, "लांब सोडला की चक्कर येती गं. तुला येती का?" लोडावर तळहात ठेवून ते दाबून बघायचे. रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेनं आम्ही चालायला जायचो. मी पुढं, ते दोन पावलं मागं. आईबद्दल ते कधीच बोलायचे नाहीत. ती गेल्यापासून तिचं नाव घरात जवळजवळ बंद झालं होतं. मीही काढायची नाही.

पण पोटात बाळ फिरायला लागलं तशी मला आईची फार आठवण यायला लागली. तिच्या दिसण्याची नाही, तिला विचारायच्या गोष्टींची. एका संध्याकाळी मी चालता चालता विचारलं, "तात्या, माझ्या वेळी आईला फार त्रास झाला होता का?"

मागची पावलं थांबली.

"मला काय म्हाईत पोरी? तू इंदापूरला झालीस, आजोळी. मी कारखान्यावर ऊस घेऊन गेलतो. बैलगाड्या तवा, नंबर लागायला दोन-दोन दिस जायचं." थोडं चालून ते म्हणाले, "कुशामावशीला म्हाईत आसंल. ती हुती संगं."

कुशामावशी म्हणजे आईची मावशी. वय झालेलं, पण इंदापुरात एसटी स्टँडजवळच्या गल्लीत मुलाकडं असतात. ओटी भरायला त्या कधीच्या बोलावत होत्या. रविवारी आम्ही गेलो. जेवण झालं, ओटी झाली, आणि मी त्यांच्या मांडीशी बसून तेच विचारलं.

कुशामावशींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नसणार.

"अगं, तुझी आजी भित्री. ती भाईर बसून देवाचं नाव घेत हुती. आत मीच. त्यो दवाखाना आता ऱ्हायला न्हाय, मोबाईलचं दुकान झालंय तितं. त्याच्या खिडकीतनं स्टँड दिसायचं. तुझी आई खाटंवर पडायला तयारच न्हाय. नर्स वरडतीया, आन् ही खिडकीचं गज धरून हुबी. कळ आली की गज आवळायची, कळ गेली की भाईर बघायची. गाडी लागली की मला इचारायची, 'मावशी, बारामती गाडी का बघ. कोण उतरलं बघ.'"

"कोण उतरणार होतं?" मी विचारलं.

"कोण म्हंजी?" कुशामावशींनी तात्यांकडं हनुवटीनं दाखवलं. "ह्ये. निरोप कुठं गेलता ह्यांना, तवा कुठं फोन हुतं. मी सांगितलं तिला, पर ती ऐकंना. दिवसभर गाड्या बघितल्या तिनं. शेवटच्याला तर मला म्हणली, 'मावशी, आता गाडी बघू नगं, मला धर.' आन् मंग तू झालीस."

तात्यांच्या हातात चहाची बशी होती. चहा पिऊन झाला होता, तरी ते बशी तशीच धरून बसले होते. कुशामावशीच म्हणाल्या, "द्या हिकडं ती," आणि बशी काढून घेतली.

परत येताना निमगाव केतकीच्या पुढं त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, उसाच्या बांधापाशी थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले, आणि येऊन बसले.

"चंद्रानं मला ह्ये कधी सांगितलं न्हाय," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं का?"

"न्हाय. बाप्यानं इचारायचं आसतं आसं वाटलंच न्हाय कधी." मग किल्ली फिरवत म्हणाले, "लासुर्ण्याहून इंदापूर किती लांब हाय? काय बी लांब न्हाय."



जानेवारीतल्या एका सकाळी कंबर भरून आली. आदल्या दिवसापासून ती दुखतच होती, पण आता दुखणं लाटेसारखं यायला लागलं, पोट दगडासारखं व्हायचं आणि सुटायचं. तात्या धार काढत होते. मी सांगितल्यावर चरवी तिथंच ठेवून ते गाडीची किल्ली शोधायला पळाले. मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, घाई नको, चालत राहा, खाऊन घे, कळा जवळजवळ यायला लागल्या की निघा. साखरबाईंनी दूध-भाकरी कुस्करून दिली. मी अंगणात फेऱ्या मारत होते आणि तात्या माझ्यामागं फेऱ्या मारत होते. गाय हंबरत होती, कारण तिची धार अर्धीच राहिली होती. शेवटी साखरबाईंनी ती काढली.

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही निघालो. बेलवाडी, सणसर, भवानीनगर. कळ आली की मी पुढचा दांडा धरायची आणि तात्या गाडी इतकी हळू करायचे की मागचे मोटारसायकलवाले शिव्या द्यायचे.

दवाखान्यात सिस्टरनी तपासलं. "पिशवीचं तोंड उघडायला लागलंय, पण वेळ आहे. चाला तुम्ही." मग व्हरांड्यात चालणं सुरू झालं. वर्गात शिकलेलं पहिला काही वेळ छान जमलं. लांब श्वास, हलके ओठ, कंबर गोल गोल. मला वाटलं, एवढंच असेल तर होईल की. मग कळा वाढल्या, आणि शिकलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं. ते दुखणं एका जागी नव्हतं. कंबरेतून निघून मांड्यांत उतरायचं आणि मला आतून पिळून काढायचं. श्वास कुठून घ्यायचा तेच कळेना. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले, आणि तात्यांचा तळहात कंबरेच्या हाडावर आला.

"तिथं नाही! खाली!" मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"हितं?"

"अजून खाली. जोरात. जोरात दाबा ना!"

त्यांनी सगळा भार टाकला. दुखणं गेलं नाही, पण त्याला कुठून तरी टेकू मिळाला. "सोड श्वास," ते मागून म्हणत होते, "फूऽऽ. माझ्यासंगं सोड." आणि गोठ्यातला तोच आवाज. मला त्या अवस्थेतही हसू आलं, आणि हसताना श्वास सुटला.

बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं बघून बघून विचारलंच, "आवो, हिची आई कुठं हाय? बाप्यानं आसं..."

"दम धरा आजी," तात्या मान वर न करता म्हणाले, "कळ चाललीया."

दुपार कलली तेव्हा मामी आल्या. अविराजांचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, त्यांना गेटवर निरोप दिलेला होता. मामी जिन्यातून वर आल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला थबकल्या. मी भिंतीला टेकलेली, तात्यांची टोपी सरकलेली, सदरा घामानं भिजलेला. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात सिस्टरनी पुन्हा तपासलं आणि लेबर रूममध्ये घ्यायला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, आता आत एक बाई असू दे."

तात्यांनी मामींकडं बघितलं. मामी मागं सरकल्या. "मला न्हाय जमायचं. माझं हातपाय गळत्यात."

"जमतंय वो. ह्ये बघा." तात्यांनी आपल्याच डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर उजवा तळहात ठेवून दाखवला. "आसं. घासायचं न्हाय. कळ चढताना भार टाकायचा, उतरली की सोडायचं. ती वरडंल. वरडू द्या. ती म्हणंल तितं दाबा."

मामी बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि आत आल्या.

आतलं मला तुटक तुटक आठवतं. मला आडवं व्हायचं नव्हतं. डॉक्टरांनी पलंगाची पाठ उंच केली, म्हणाल्या, "गुडघ्यांवर राहायचंय तर राहा, पलंगाची पाठ धर." मी धरली. मागं मामींचे हात होते, तात्यांच्या हातांपेक्षा लहान, पण भाकरी थापून घट्ट झालेले. कुठल्यातरी क्षणी मी म्हणाले, "मला होत नाही. सिझर करा. काहीही करा."

"सोनल, बाळाचे ठोके छान आहेत," डॉक्टरांचा आवाज शांत होता. "डोकं दिसतंय. हात लावून बघ."

मी हात खाली नेला. बोटांना ओले, मऊ केस लागले. दुसऱ्या कुणाचेतरी केस, माझ्याच अंगात. मी परत त्या पलंगाला धरलं. त्यानंतर जोर मी केला की तो आपोआप आला, सांगता येणार नाही. जळजळलं, फाटतंय असं वाटलं, मामी कानाशी म्हणत होत्या, "आलं, आलं, माझी बाय, आलं," आणि एकदम सगळं मोकळं झालं.

त्यांनी मला टेकवून बसवलं आणि बाळ छातीवर ठेवलं. गरम, निसरडं, रागावलेलं. मुलगी. मामी पलंगाच्या बाजूला उभ्या होत्या आणि डोळ्यांना पदर लावून रडत होत्या.

"माझ्या येळंला दोघीजणी पाय दाबून हुत्या," त्या म्हणाल्या. "पाठीवर हात कुणी ठिवला न्हाय गं."

मी त्यांचा हात धरला. सासरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

बाहेर जाऊन मामींनीच तात्यांना सांगितलं. पण ते लगेच आत आले नाहीत. नळावर जाऊन तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि मग दारात उभे राहिले. सिस्टर बाळ पुढं करत होती, पण ते आधी माझ्याकडं आले.

"लई दुखतंय का?"

"आता नाही."

मग त्यांनी बाळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. हात मात्र पुढं केला नाही. "धरा की," मी म्हणाले.

"थांब जरा," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

संध्याकाळी अविराज कंपनीच्या गणवेशातच धावत आले. मामींनी चहा आणि खारी आणली. अविराज बाळाला घेऊन खिडकीपाशी बसले आणि तिथून हलेचनात. तात्यांनी खारी चहात बुडवली, आणि कुणी काही विचारलं नसताना बोलायला लागले.

"मी तिसऱ्या दिशी पोचलो इंदापूरला. कारखान्यावरनं घरी आलो, निरोप कळला, तसाच यष्टीत बसलो. तुझी आई खाटंवर उठून बसलेली. मी म्हणलं, बघू दे पोरगी. तर म्हणती, 'आदी हातपाय धुवून या. अंगाला कारखान्याच्या मळीचा वास येतोय.' धुवून आलो. म्हणती, 'आजून येतोय.' परत धुतलं. तिसऱ्यांदा धुतलं. तरी वास हायच. कपड्यातच मुरलेला, जाणार कुठं? मंग तिनं तुला दुपट्यात गुंडाळलं आन् म्हणली, 'लांबनं बघा.'"

मामी हसायला लागल्या. "आन् तुमी लांबनं बघितलं?"

"बघितलं की. काय करतो?"

मीही हसले, टाके ओढले म्हणून ओय केलं, आणि परत हसले. आईचा आवाज मला त्या वाक्यांत अगदी जसाच्या तसा ऐकू आला. तिच्या तोंडचं इतकं काही त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

सिस्टर येऊन म्हणाली, आता एकच माणूस थांबा, बाकीच्यांनी निघा. मामी थांबणार होत्या. तात्या उठले, ओम्नीची किल्ली खिशात चाचपली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

"आन् एक ऱ्हायलं. भेळ."

"कसली भेळ?"

"तिला स्टँडवरची भेळ खायची हुती. बाळंतीण बाई, आन् भेळ मागती. तुझी आजी न्हायच म्हणली. तवा मी आजीला भाईर गुतवून ठिवलं, आन् कुशामावशीनं..."

सिस्टर दारात उभीच होती. तात्या तिला म्हणाले, "एवढं सांगतो आन् जातो," आणि त्यांनी स्टूल परत पुढं ओढलं.